पहिल्या डावात बळी नाही

(नभोवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



मी कन्हानचा. नागपूरहून जबलपूरच्या रस्त्यानं निघालं की कामठी संपते, नदीवरचा पूल लागतो आणि पूल ओलांडला की आमचं गाव सुरू होतं. नदीचं नाव कन्हान, गावाचं नाव कन्हान आणि रेल्वे स्टेशनचंही नाव कन्हान. रामटेकला जाणारा रेल्वेचा फाटा इथूनच फुटतो. भोवताली कोळशाच्या खाणी आहेत. आमच्याकडे दोरीवर वाळत घातलेला पांढरा सदरा संध्याकाळपर्यंत पांढरा राहत नाही. पाहुण्यांना त्याचं नवल वाटतं, आम्हाला वाटत नाही.

मी मराठीत कविता लिहितो. घरातली आमची बोली हिंदी-उर्दू मिसळलेली, शाळा मराठी. आज मात्र मी कवितेबद्दल बोलणार नाही. आज बोलायचं आहे ते क्रिकेटबद्दल, आणि त्यातही एका नवख्या खेळाडूच्या पहिल्या दिवसांबद्दल. क्रिकेट मी याच रेडिओवर शिकलो. आमच्या लहानपणी खेळपट्टी डोळ्यांना दिसत नसे, कानांना दिसत असे. त्यामुळे रेडिओवरून क्रिकेटबद्दल बोलताना मला परक्या घरात आल्यासारखं वाटत नाही.

६ नोव्हेंबर २०११. रविवार होता. दुसऱ्या दिवशी बकरी ईद, त्यामुळे घरात झाडलोट आणि मसाले कुटण्याची गडबड. माझ्या मुलाला दिवाळीची सुट्टी होती. तो तेव्हा चौदा वर्षांचा. त्याला मटण आणायला, नारळ आणायला, कशालाही पाठवलं तरी तो धावत जाई आणि धावत परत येई, कारण टीव्हीवर दिल्लीच्या फिरोजशहा कोटला मैदानातला कसोटी सामना सुरू होता. भारत विरुद्ध वेस्ट इंडिज. आणि भारताच्या संघात आमच्या नदीकाठचा एक पोरगा होता. उमेश यादव.

नदीकाठचा म्हणजे काय ते सांगतो. कन्हान नदीच्या वरच्या अंगाला गेलं की खापरखेडा लागतं, तिथलं वीज केंद्र सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्याजवळ वलनी नावाची कोळसा खाण. उमेशचे वडील तिलक यादव त्या खाणीत कामाला. मूळ घर उत्तर प्रदेशातलं, देवरियाकडचं. पोटासाठी कोळशाच्या मागं आलेली अशी कितीतरी कुटुंबं आमच्या भागात आहेत. क्वार्टरच्या दोन खोल्या, तीन पाळ्यांचं आयुष्य, भोंगा वाजला की घड्याळ न बघता कळणारी वेळ. उमेशनं पोलिसात जायचा प्रयत्न केला, सैन्यात जायचा प्रयत्न केला, दोन्हीकडे जमलं नाही. आमच्या भागातल्या प्रत्येक घरात असा एक मुलगा असतो. म्हणूनच त्या रविवारी कन्हानमध्ये, खापरखेड्यात, कामठीत, ज्यांना क्रिकेटमधलं काही कळत नव्हतं तेसुद्धा टीव्हीसमोर बसले होते. विदर्भाच्या संघातून वर येऊन कसोटी खेळणारा हा पहिला खेळाडू. ज्या नागपुरात भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू जन्मले, त्या नागपूरच्या विदर्भ संघाला स्वतःचा कसोटीपटू मिळायला २०११ साल उजाडावं लागलं.

आणि झालं काय? वेस्ट इंडिजचा पहिला डाव ३०४ धावांवर संपला. प्रग्यान ओझाला सहा बळी, अश्विनला तीन. उमेशच्या नावासमोरचा बळींचा रकाना रिकामा.

अश्विनचाही तो पहिलाच कसोटी सामना होता, हे लक्षात घ्या. त्यानं त्या सामन्यात नऊ बळी घेतले आणि सामनावीराचा मान मिळवला. दोन नवखे एकाच दिवशी एकाच मैदानात उतरले. एकाची छबी दुसऱ्या दिवशीच्या पेपरात मोठी, दुसऱ्याची जेमतेम. ईदच्या दिवशी घरी भेटायला आलेली मंडळी शेवयांची वाटी हातात घेऊन निकाल देत होती. कुणी म्हणालं, "जोर आहे, पण दिशा नाही." कुणी म्हणालं, "कोळसा खाणीतला गडी, मेहनतीचा आहे, पण हे काम वेगळं आहे बाप्पा." माझ्या मुलानं तेवढं एकच वाक्य म्हटलं, "अजून दुसरा डाव बाकी आहे." त्याला कुणी उत्तर दिलं नाही, मीही नाही.

दुसऱ्या डावात उमेशला दोन बळी मिळाले आणि भारतानं तो सामना पाच गड्यांनी जिंकला. आठवडाभरात कोलकात्याला ईडन गार्डन्सवर दुसरा सामना सुरू झाला. तिथं पहिल्या डावात त्यानं २३ धावांत तीन बळी घेतले आणि दुसऱ्या डावात ८० धावांत चार. एकाच सामन्यात सात. ज्या मंडळींनी ईदच्या दिवशी निकाल दिला होता, त्यांनीच आता पेढे वाटले. मी म्हणतो ती मंडळी कोण, असं तुम्ही विचाराल. त्यातला एक मी होतो.

श्रोतेहो, 'होतकरू' हा शब्द आपण फार सहज वापरतो. होतकरू गायक, होतकरू वकील, होतकरू कवी. या शब्दाचं वजन मी स्वतः बरीच वर्षं वाहिलेलं आहे, म्हणून त्याच्याबद्दल बोलायचा मला थोडा अधिकार आहे. हा शब्द आपण पहिला दिवस पाहून देतो किंवा नाकारतो. पण पहिला दिवस किती सांगतो?

आमच्या नागपूरचंच उदाहरण घेऊ. नोव्हेंबर २००८ मध्ये जामठ्याच्या नव्या मैदानावर पहिला कसोटी सामना झाला. समोर ऑस्ट्रेलिया. सौरव गांगुलीचा तो अखेरचा कसोटी सामना म्हणून सगळ्यांच्या लक्षात आहे. त्याच सामन्यात ऑस्ट्रेलियाचा एक फिरकी गोलंदाज पहिल्यांदा कसोटी खेळत होता. जेसन क्रेझा त्याचं नाव. त्यानं पहिल्या डावात आठ आणि दुसऱ्या डावात चार, असे एकूण बारा बळी घेतले. पदार्पणात बारा बळी! याहून होतकरू कोण असणार? पण त्यानंतर तो फक्त आणखी एक कसोटी खेळला. बस्स.

आपल्या नरेंद्र हिरवाणीची गोष्ट तर घरोघर ठाऊक आहे. जानेवारी १९८८, मद्रास, वेस्ट इंडिजविरुद्ध पदार्पणात सोळा बळी. तसा पराक्रम पदार्पणात त्याआधी एकानंच केला होता. हिरवाणीची कसोटी कारकीर्द सतरा सामन्यांची झाली. आणि याच्या उलट शेन वॉर्न. जानेवारी १९९२ मध्ये सिडनीला आपल्याविरुद्ध तो पहिल्यांदा उतरला, दीडशे धावा दिल्या आणि एकच बळी मिळाला, तोही रवी शास्त्रीचं द्विशतक झाल्यावर. त्या दिवशी वॉर्नला कुणी घरी पाठवलं असतं, तर पुढचे सातशे सात बळी कुणी घेतले असते?

अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे. चेंडू फेकायचा, दांडक्यानं मारायचा, आपल्या क्रिकेटचा दूरचा चुलतभाऊ म्हणा. तिथं पहिल्या मोसमातल्या खेळाडूला 'रुकी' म्हणतात आणि दरवर्षी सर्वोत्तम रुकी निवडून त्याला मान देतात. हा मान पहिल्यांदा १९४७ साली दिला गेला तो जॅकी रॉबिन्सन या खेळाडूला. वरच्या लीगमध्ये तोपर्यंत कित्येक दशकं काळ्या माणसाला खेळूच देत नसत. रॉबिन्सन आत आला तो ब्रुकलिनच्या संघाचे कारभारी ब्रांच रिकी यांनी दार उघडलं म्हणून. मला या गोष्टीत कुठलं चित्र दिसतं, तर मैदानावर धावणाऱ्या रॉबिन्सनचं तर दिसतंच, पण टेबलामागं बसून 'याला खेळवायचं' असं ठरवणाऱ्या त्या माणसाचंही दिसतं. नवखा माणूस आपल्या गुणांवर मोठा होतो हे खरं. पण त्याच्या हातात पहिला चेंडू देणारा दुसराच कुणीतरी असतो.

उमेशच्या बाबतीतही तसंच झालं. वयाच्या एकोणीस-विसाव्या वर्षापर्यंत तो टेनिस बॉलवर खेळत होता. आमच्या सगळ्या कॉलऱ्यांमध्ये हेच क्रिकेट. चामड्याचा चेंडू, पॅड, हातमोजे हे कुणाच्या खिशाला परवडायचं? टेनिसचा चेंडू असतो साठेक ग्रॅमचा, तोही जरा कमीच. त्याच्या अंगात काही नसतं, जो वेग असेल तो फेकणाऱ्याच्या खांद्यातून आणि कमरेतून काढावा लागतो. म्हणून खाणीकडची पोरं वेगात कमी नसतात. चामड्याचा चेंडू मात्र त्याच्या जवळजवळ पावणेतीनपट जड. त्याला मधोमध उंच शिवण असते. ती शिवण सरळ ठेवून मनगट तिच्यामागं आणावं लागतं, तेव्हा कुठं चेंडू हवेत वळतो. नुसत्या जोरानं तो चेंडू ऐकत नाही. टेनिस बॉलवरचा राजा चामड्याचा चेंडू हातात घेतल्यावर पहिले काही दिवस भिकाऱ्यासारखा दिसतो, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. कुठं पाहिलं ते पुढं सांगतो.

उमेश विदर्भ जिमखान्याच्या संघात आला आणि तिथं त्याच्या हातात चामड्याचा चेंडू आला. विदर्भाचा तेव्हाचा कर्णधार प्रीतम गंधे यानं त्याला पाहिलं आणि त्याच्या पाठीशी उभा राहिला. गंधेला काय दिसलं असेल? चेंडू इकडे तिकडे जात असणार, धावा जात असणार. पण त्यानं वेग पाहिला आणि दिशा शिकवता येईल असा हिशेब केला. दिशा शिकवता येते, वेग शिकवता येत नाही, हे कळणारा माणूस तिथं होता, हे उमेशचं नशीब म्हणा. नोव्हेंबर २००८ मध्ये, म्हणजे जामठ्यावर क्रेझाच्या बारा बळींचा गाजावाजा झाला त्याच महिन्यात, उमेश मध्य प्रदेशविरुद्ध पहिला रणजी सामना खेळला. पहिल्याच डावात चार बळी. त्या मोसमात वीस. तिकडं पेपर कुणाबद्दल लिहीत होते आणि इकडं खरी सुरुवात कुणाची होत होती, पाहा.

त्यानंतरचीही वाट काही सरळ नव्हती. २०१० च्या मे महिन्यात झिंबाब्वेत बुलावायोला तो पहिला एकदिवसीय सामना खेळला, तिथं एकही बळी नाही आणि भारत हरला. म्हणजे दिल्लीच्या कसोटीत पहिल्या डावातली पाटी कोरी राहिली, ती काही पहिल्यांदा कोरी राहिली नव्हती. पण प्रत्येक वेळी कुणीतरी त्याला पुढचं षटक दिलं.

आता माझ्या मुलाची गोष्ट. ही गोष्ट मी आजवर जाहीरपणे सांगितलेली नाही.

कोलकात्याच्या त्या सात बळींनंतर आमच्या भागातली सगळीच पोरं उमेश झाली होती. रन-अप उमेशचा, रुमाल उमेशसारखा. माझा मुलगा मात्र आधीपासूनच वेगानं टाकायचा. मोठ्या मुलांच्या सामन्यात त्याला घेऊन जात. त्या हिवाळ्यात तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "अब्बू, नागपूरला एका क्लबात रविवारी मुलं बघतात. मला घेऊन चला." मी त्याला घेऊन गेलो. पहाटेच्या बसनं. आईनं डबा दिला होता, पांढरा शर्ट धुऊन दिला होता.

त्याच्या हातात पहिल्यांदा चामड्याचा चेंडू आला. पहिला चेंडू फलंदाजाच्या डोक्यावरून गेला. दुसरा नेटच्या बाहेर. तिसरा थेट फुलटॉस, फलंदाजानं तो दूर भिरकावला. दोन-तीन मुलं हसली. माझा मुलगा पुन्हा पुन्हा चेंडू पँटला पुसत होता आणि माझ्याकडे बघत होता. शेवटचे चार-पाच चेंडू जरा बरे पडले, पण तोवर माझं लक्ष चेंडूकडे नव्हतं, हसणाऱ्या मुलांकडे होतं. तिथले वयस्कर गृहस्थ माझ्याजवळ आले. म्हणाले, "पुढच्या रविवारी पुन्हा घेऊन या." एवढंच. चांगलं म्हणाले नाहीत, वाईट म्हणाले नाहीत.

परतताना कामठीच्या पुढं पुलावर ट्रकांची रांग लागली होती. बस अर्धा तास उभी. खाली नदीचं पाणी हिवाळ्यातलं, आटत आलेलं. मुलगा खिडकीशी बसला होता. त्यानं विचारलं, "पुढच्या रविवारी किती वाजताची बस?" मी म्हणालो, "पाहू. आधी दहावी होऊ दे."

ते 'पाहू' कधी पाहिलं गेलं नाही. दहावी झाली, बारावी झाली. पोलीस भरतीला उभा राहिला, धावण्यात पास झाला, लेखी परीक्षेत राहिला. आता तो ठेकेदाराकडे कामाला आहे. चांगला आहे, कष्टाळू आहे, माझ्यावर त्याचा रागही नाही. रविवारी अजून टेनिस बॉलवर खेळतो. मी हे सांगतो ते तो उमेश यादव झाला असता म्हणून नाही. बहुतेक झाला नसता. लाखांत एक होतो. मला बोचतं ते वेगळंच.

मी बी.ए.ला असताना माझी पहिली कविता नागपूरच्या एका संपादकांना पाठवली होती. ती परत आली. पण पाकिटात एक कार्ड होतं. कार्डावर तीन शब्द, "पुढची कविता पाठवा." त्या कवितेत काय होतं ते मला आज आठवतं आणि लाजही वाटते. शब्द जड, उपमा उसन्या, व्याकरणात चुका. माझ्या भाषेत घरातली बोली डोकावत होती. तो माणूस मला नावानं ओळखत नव्हता, माझ्या गावाला कधी आला नव्हता. त्याला त्या कचऱ्यात काहीतरी दिसलं असेल, किंवा नुसताच तो चांगला माणूस असेल. पण त्या तीन शब्दांवर मी लिहीत राहिलो. पाचवी कविता छापून आली.

म्हणजे मला पहिल्या डावात बळी नव्हता, तरी मला दुसरा डाव मिळाला. आणि माझ्या मुलाला "पुढच्या रविवारी" म्हणणारा माणूस भेटला, तेव्हा मधे मी उभा राहिलो. त्या गृहस्थांनी दार बंद केलं नव्हतं. दार मी बंद केलं. पैशाची अडचण होती का? होती. पण बसभाडं जमलं असतं. खरं कारण असं, की त्या दिवशी माझ्या मुलाला लोक हसले ते मला सहन झालं नाही. त्याला सहन झालं होतं.

आता पुन्हा उमेशकडे येऊ, कारण त्याच्या सुरुवातीचा अर्थ पुढच्या वर्षांनीच लावला.

कोलकात्यानंतर तो ऑस्ट्रेलियाला गेला. मेलबर्नला त्यानं दोन डावांत मिळून सात बळी घेतले. लगेच पुढच्या सिडनीच्या सामन्यात शंभरावर धावा दिल्या आणि एकही बळी नाही. त्याच्या पुढच्या सामन्यात, जानेवारी २०१२ मध्ये पर्थला, ९३ धावांत पाच बळी. भारत ती मालिका चार-शून्य अशी हरला. सात, शून्य, पाच. हे तीन आकडे एका ओळीत लिहून बघा. यातला कुठला आकडा म्हणजे उमेश? मधला आकडा पाहून कुणी 'पाहू' म्हणालं असतं तर पर्थ झालंच नसतं. पुढं पाठीच्या दुखापतीनं तो बाहेर गेला आणि २०१२ च्या अखेरीपासून जवळजवळ दोन वर्षं कसोटी खेळू शकला नाही. परत आला आणि २०१५ च्या विश्वचषकात भारतातर्फे सगळ्यात जास्त, अठरा बळी त्याचे. ऑक्टोबर २०१८ मध्ये हैदराबादला वेस्ट इंडिजविरुद्ध एका सामन्यात दहा बळी. नोव्हेंबर २०१९ मध्ये त्याच ईडन गार्डन्सवर भारतातला पहिला दिवस-रात्र कसोटी सामना झाला, गुलाबी चेंडूचा. बांगलादेशविरुद्धच्या त्या सामन्यात त्यानं आठ बळी घेतले.

तो सर्वश्रेष्ठ होता असं मी म्हणणार नाही. त्याच्या चेंडूंवर चौकार फार जात, संघात आत-बाहेर फार झाला, परदेशात त्याला पुष्कळदा बाहेर बसावं लागलं. पण जून २०२३ मध्ये ओव्हलवर तो कसोटी खेळला तेव्हा त्याचे सामने सत्तावन्न झाले होते आणि बळी एकशे सत्तर. ज्याच्या पहिल्या डावातली पाटी कोरी होती, त्याची ही बेरीज आहे.

एक गोष्ट आमच्या भागात फार आवडीनं सांगितली जाते. मुलाला सरकारी नोकरी लागावी अशी उमेशच्या वडिलांची इच्छा होती. २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या नागपूर कार्यालयात उमेशला खेळाडूंच्या कोट्यातून सहायक व्यवस्थापकाची नोकरी मिळाली. भारतासाठी खेळत असलेल्या मुलाला नोकरी लागली म्हणून खाणीतल्या बापाला समाधान! बाहेरच्यांना हसू येईल. आम्हाला येत नाही. पाळीला गेलेला माणूस वर येईपर्यंत घरचे किती वेळा दाराकडे बघतात, हे ज्यांना माहीत आहे त्यांना नोकरी या शब्दाची किंमत कळते. माझ्या 'आधी दहावी होऊ दे' मागंही तेच भय होतं, एवढं मी स्वतःच्या बाजूनं सांगतो.

फेब्रुवारी २०२३ मध्ये तिलक यादव गेले. त्यानंतर आठवड्याभरातच इंदूरला ऑस्ट्रेलियाविरुद्धचा कसोटी सामना सुरू झाला आणि उमेश त्यात खेळला. त्या दिवशी माझा मुलगा सुट्टीवर होता. आम्ही दोघंच टीव्हीसमोर. उमेशनं बघता बघता तीन गडी टिपले, बारा धावांत तीन. मायदेशातले त्याचे शंभर कसोटी बळी पूर्ण झाले. माझा मुलगा काही बोलला नाही. मग म्हणाला, "अब्बू, बाप गेल्यावर आठ दिवसांत असं टाकायला काय लागत असेल?" मला उत्तर सुचलं नाही. मी म्हटलं, "चहा ठेवतो." तो सामना भारत हरला, हेही सांगायला हवं. पण त्या घरात त्या आठवड्यात हार-जीत कोण मोजत असेल?

आज विदर्भाचं चित्र बदललं आहे. २०१७-१८ मध्ये विदर्भानं पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला, दुसऱ्या वर्षी पुन्हा, आणि मार्च २०२५ मध्ये जामठ्यावर केरळविरुद्ध तिसऱ्यांदा. त्या शेवटच्या मोसमात हर्ष दुबेनं ६९ बळी घेऊन रणजीच्या एका मोसमातला विक्रम केला आणि दानिश मालेवार या एकवीस वर्षांच्या मुलानं आपल्या पहिल्याच रणजी मोसमात, अंतिम सामन्यात १५३ धावा काढल्या. आता त्यांना सगळे होतकरू म्हणतात. म्हणू देत. माझी एवढीच विनंती, की त्यांचा सिडनीसारखा एखादा सामना आला, पाटी कोरी राहिली, तर त्या दिवशीही हा शब्द त्यांच्याकडून काढून घेऊ नका.

गेल्या हिवाळ्यात माझा मुलगा मला म्हणाला, "अब्बू, मागच्या गल्लीत एक पोट्टं आहे, तेरा वर्षांचं. वेगात टाकतं. त्याच्या बापाला समजवायला चला. तुमचं ऐकतील, तुम्ही कवी आहात." कवीचं कन्हानमध्ये कोण ऐकतं, तरी मी गेलो. मुलाचा बाप खाणीतला माणूस, दुसऱ्या पाळीला निघायच्या बेतात. आमचं ऐकून घेतलं, पाणी दिलं आणि म्हणाला, "पाहू भाऊ. आधी परीक्षा होऊ दे."

श्रोतेहो, तो शब्द माझ्या ओळखीचा होता. मी त्याला म्हटलं, "परीक्षा देईल तो. अभ्यास मी घेतो. रविवारी फक्त पहाटेच्या बसला येऊ द्या. नेण्या-आणण्याची जबाबदारी माझ्या मुलाची." त्यानं माझ्याकडे पाहिलं, माझ्या मुलाकडे पाहिलं आणि मान हलवली.

आता तो मुलगा नागपूरला जातो. मागच्या महिन्यात तो पहिला सामना खेळला. मी घरीच होतो. संध्याकाळी मुलाचा फोन आला. म्हणाला, "तीन षटकं टाकली, सव्वीस धावा गेल्या. बळी नाही. पोरगं बसमध्ये गप्प बसून आहे. पुलावर अडकलोय आम्ही."

मी म्हटलं, "त्याला फोन दे."

फोनवर बारीक आवाज आला, "हा, चाचा."

मी त्याला विचारलं, "पुढचा सामना कधी आहे?"